प्रति: लाइफबोट सरकारी?

वर एकांनी आरएनएलआय (समुद्रात संकटात सापडलेल्यांना लाइफबोटींनी वाचवणारी संस्था) म्हणजे ब्रिटनचं सरकारी खातं, असं लिहिलंय. तसं नाही. 1824 साली सर विल्यम हिलरींच्या पुढाकाराने ती सुरू झाली आणि आजही मुख्यतः देणग्यांवर चालते. बोटीवर जाणारे बहुतेक स्वयंसेवकच.

चर्चेत इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं लिनमथ गाव कसं आलं नाही? जानेवारी 1899. फॉरेस्ट हॉल हे जहाज संकटात, आणि लिनमथला लाटा अशा की होडी पाण्यात लोटणं अशक्य. मग लोकांनी 'लुइझा' ही वल्ह्यांची लाइफबोट घोडे जुंपून रात्रभर काउंटिसबरीच्या खड्या चढावरून 13 मैलांवरच्या पोरलॉक वेअरला ओढत नेली! अरुंद वाटेत गाडा मावेना, तेव्हा होडी उतरवून लाकडी फळ्यांवरून सरकवली. पहाटे वल्ही मारत जहाज गाठलं. जहाजावरचे सगळे वाचले. दमलेले काही घोडे मात्र दगावले.