चळवळ आणि आंदोलन : एकच की वेगवेगळे?

परवा लेक अभ्यास करता करता स्वयंपाकघरात आली, आई चळवळ आणि आंदोलन यात फरक काय गं, आणि मी पटकन म्हणून गेले की काही नाही, एकच ते. नंतर भाकऱ्या थापताना तेच डोक्यात घोळत राहिलं. कारण माझी आजी मी एका जागी बसत नव्हते म्हणून मला चळवळी कार्टी म्हणायची. 'किती चळवळ करशील, बूड टेकव की जरा.' म्हणजे मुळात चळवळ ही एकट्या जीवाची असते बघा, चळणं, हलणं, स्वस्थ न बसणं. आणि आंदोलन म्हणजे झोका. डोल, हिंदोळा हे सगळे त्याच घरातले शब्द, दरबारी कानडा रागातला गंधार, म्हणजे ग हा स्वर, आंदोलित असतो तो याच अर्थाने. हलणं दोन्हीकडे आहे, तरी आपण एकाच्या जागी दुसरा शब्द टाकत नाही. सहकार चळवळ म्हणतो, ग्रंथालय चळवळ म्हणतो, ठिय्या मात्र आंदोलनच असतं, ठिय्या चळवळ कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. हे असं का असावं?

प्रतिसाद :
ताई, क्रियापदं बघा म्हणजे फरक लगेच कळतो. आंदोलन छेडतात, पुकारतात, ते पेटतं, चिघळतं आणि मागण्या मान्य झाल्या की मागे घेतात. चळवळ उभी राहते, रुजते, फोफावते, कधी थंडावते, कधी फुटते. म्हणजे आंदोलन घटनेसारखं आहे, त्याला तारीख आणि जागा लागते, चळवळ झाडासारखी वाढते. अजून एक, 'आमचे वडील चळवळीत होते' असं आपण म्हणतो, जसं एखादा माणूस रेल्वेत होता किंवा मिलिटरीत होता म्हणतो तसं. आंदोलनात माणूस 'उतरतो' नाहीतर 'सहभागी होतो'. पेपरात येतं, आंदोलकांना ताब्यात घेऊन सोडून दिलं. सोडून दिल्यावर संध्याकाळी घरी गेला की तो आंदोलक राहत नाही. चळवळीतला माणूस घरी जेवतानासुद्धा चळवळीतलाच असतो, त्याच्या बायकोला विचारा, तीसुद्धा बहुतेक वेळा चळवळीतच असते फक्त तिचं नाव कुठे येत नाही.

प्रतिसाद :
क्रियापदांचं पटलं पण पूर्ण नाही. 1922 साली चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी असहकाराची 'चळवळ' मागे घेतली असंच आपण शाळेत शिकलो. मग चळवळ मागे घेता येते की नाही? आणि तसंही हिंदीत सगळ्यालाच आंदोलन म्हणतात, तिकडे हा भेदच नाही, तिथून मराठीत आलेल्या बातम्या वाचून वाचून आपलाही गोंधळ झालाय असं माझं मत.

प्रतिसाद :
चांगला मुद्दा काढलात. पण मागे घेतला तो कार्यक्रम. असहकारातूनच पुण्यात 1921 साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, ते आजही चालू आहे, ते कुणी मागे घेतलं नाही. खादीही राहिली. त्यामुळे तिथे चळवळ शब्द सैल वापरला गेलाय असं मी म्हणेन. हिंदीबद्दल सहमत, तिकडे एकच शब्द दोन्ही कामं करतो आणि त्यांचं काही अडत नाही, पण आपल्याकडे दोन आहेत तर दोन्ही नीट वापरावेत.

प्रतिसाद :
मी महाडजवळची, म्हणून मला यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे 20 मार्चला चवदार तळ्यावर किती माणसं येतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पण शब्दांच्या अंगाने बघा. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा ठराव मांडला, तो 1923 साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालं होतं! तरी तीन वर्षं कुणाला त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. मग 19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा (म्हणजे आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, बघा, नाव 'परिषद' आहे, आंदोलन नाही, सत्याग्रहही नाही. दुसऱ्या दिवशी माणसं मांडवातून उठून तळ्यापर्यंत चालत गेली, बाबासाहेबांनी पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतलं आणि मग मागच्या सगळ्यांनी. त्याच दिवशी माणसं जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला, पुढे गोमूत्र शेणाच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. डिसेंबरात पुन्हा जमले तेव्हा त्या परिषदेला सत्याग्रह हे नाव होतं, पण कोर्टाचा मनाई हुकूम आला म्हणून तळ्यावर जाणं थांबवलं, आणि 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 साली.

आता मला सांगा, यातलं आंदोलन कुठलं आणि चळवळ कुठली? आमच्या घरात याचं उत्तर असं आहे की ओंजळ ही एका क्षणाची आणि 1923 पासून 1937 पर्यंत जे चाललं ते सगळं मिळून चळवळ. त्यात बोल्यांचा ठराव आहे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आहेत, परिषदेसाठी राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे आहेत, मांडवासाठी धावपळ केलेली, गावोगाव निरोप पोचवलेली माणसं आहेत ज्यांची नावं कुठे नाहीत. एकटा माणूस की समाज, कोण बदल घडवतो असं विचारतात तेव्हा मला हेच आठवतं, पहिली ओंजळ एकाची होती पण मागे कुणी नसतं तर तो एक माणूस तिथून परत आला असता की नाही देव जाणे, आणि पुढे कुणी नसतं तर मागचे मांडवातच बसले असते.

प्रतिसाद :
वा, ताई. यावरून थोडं अवांतर. 'मोर्चा' हा शब्द फारसीतून आलेला, वेढा घालताना तोफांसाठी जी आडोशाची जागा करायचे तो मोर्चा. 'मोर्चे लावले' असं बखरीत येतं ते त्या अर्थाने, आणि निवडणुकीच्या वेळी आपण 'मोर्चेबांधणी' म्हणतो त्यात जुना अर्थ अजून जिवंत आहे. एका जागी रोवून बसण्याचा शब्द चालत जाण्याचा कसा झाला हे कुतूहल मला बरेच दिवस आहे. आणि 1972 च्या महागाईत मुंबईच्या बायकांनी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन मोर्चे काढले, लाटणं मोर्चा! त्या लाटण्याने मोर्चा शब्दातली तोफ कायमची काढून टाकली असं मला वाटतं.

'धरणे' पण असाच. पूर्वी सावकार नाहीतर घेणेकरी देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा ते धरणं. आता जनता सरकारच्या दारात बसते, म्हणजे जनता घेणेकरी झाली, केवढा मोठा बदल आहे हा. 'हरताळ'बद्दल मात्र एक खुलासा, बंदचा हरताळ म्हणजे दुकानाला टाळं, आणि 'नियमांना हरताळ फासला' यातला हरताळ वेगळा, तो पिवळा खनिज रंग, पोथीत चुकलेल्या अक्षरावर फासायचे. दोन्ही एक समजू नका.

मूळ प्रश्न विचारणारी :
सगळ्यांचे आभार, लेकीला वाचून दाखवलं, महाडचं तिने दोनदा वाचायला लावलं. मला आता अजून एक खटकतंय. आपण सगळे 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' म्हणतो. पण बाबासाहेबांच्या इंग्रजी वाक्यात क्रम एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाईझ असा आहे, म्हणजे मधला शब्द ॲजिटेट. तो शेवटी जाऊन संघर्ष कसा झाला? ॲजिटेट म्हणजे ढवळणं, घुसळणं, वॉशिंग मशीनमध्ये कपडे घुसळणाऱ्या दांड्याला ॲजिटेटरच म्हणतात. शिकलं की मन ढवळून निघतं, स्वस्थ बसवत नाही, आणि मग माणसं एकत्र येतात, असा तो क्रम मला लागतो. म्हणजे माझ्या आजीची चळवळ इथे मधोमध बसते!

प्रतिसाद :
ताई, बाबासाहेबांनी काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं 1924 चं ब्रीदवाक्य 'शिकवा, चेतवा व संघटित करा' असं होतं. चेतवा! हा शब्द आपण हरवला याचं मला खरंच वाईट वाटतं. पेटवणं वेगळं आणि चेतवणं वेगळं. माझी आई रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायची आणि पहाटे फुंकणीने फुंकून चूल चेतवायची, काडी ओढायची नाही. विस्तव आतमध्ये असतोच, फक्त वरची राख बाजूला करून फुंकर घालायची. बाहेरून काडी लावली की ते पेटवणं. संघर्ष शब्द वाईट नाही, घोषणेला जोर येतो, तोंडात बसतो, मीही तीच घोषणा दिलीय. पण ॲजिटेटला चेतवा इतका चपखल शब्द मला दुसरा सापडलेला नाही.

मूळ प्रश्न विचारणारी :
फुंकणी!! आमच्याकडे तिला फुकारी म्हणायचे. राखेखाली निखारे झाकून ठेवण्याला तुमच्याकडे काही वेगळा शब्द आहे का काका? आजी काहीतरी म्हणायची, जिभेवर आहे पण येत नाहीये, कुणाला माहीत असेल तर लिहा प्लीज.