मदत हवी आहे: तेवाकानच्या निवडुंगांचा उद्याचा नकाशा

नमस्कार मंडळी,

मेक्सिकोतल्या तेवाकान-क्विकातलान खोऱ्यातल्या खांबासारख्या निवडुंगांवर एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. तापमान-पावसाचे आकडे घालून २०५० मध्ये ते कुठे वाढू शकतील याचा नकाशा निघतो, पण तेवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. मोठं झाड उन्हाला दाद देत नाही. खोडावरची रंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं, पाणी राखतं. खरी काळजी रोपांची. नेओबुक्सबाउमिया तेतेत्सो या तिथल्या खांबासारख्या निवडुंगाचं इवलंसं रोप बहुधा मिमोसा लुइसानाच्या झुडपाखालीच तग धरतं, उघड्यावर करपतं. परागीभवन वटवाघळांच्या भरवशावर. मग नकाशात जागा योग्य दिसली तरी तिथे झुडूप नसेल तर निवडुंग रुजणार कसा?

२०१५ च्या जागतिक मूल्यमापनात निवडुंगांच्या ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या, आणि त्यात मुख्य कारणं शेती, गुरं, चोरटी विक्री ही होती. हवामानाचा ताण त्यावर आणखी.

कुणी मॅक्सएंटमध्ये (जात कुठे वाढू शकेल याचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर) झुडूप आणि वटवाघूळ यांचे थर घातलेत का? की जातींचे वेगवेगळे नकाशे काढून एकमेकांवर ठेवावेत? रोपांसाठी वार्षिक सरासरीऐवजी कोरड्या महिन्यांचे आकडे घेणं बरोबर ठरेल का? संवर्धनासाठी आधी उंचावरचे उतार राखावेत की आजची जुनी वनं, यावरही तुमचं मत हवंय.