दोनशे वर्षांचा व्हॅम्पायर चालते, मंग त्याच्या कोटाचे मशीनचे काज काऊन खुपते?

जागलीवाला
राजेहो, हरभऱ्याले पाणी देयाले चार रात्री झाल्या वावरात हाये, लाईन रात्री १२ ले येते न सकाळी ८ ले जाते, मधात डोळा लागला की पाणी दुसऱ्याच्या वावरात, म्हणून मोबाईलवर पिक्चर पाहून रायलो. परवा एक व्हॅम्पायरचा पाहिला, हिंदीत डब केलेला, नाव नाही सांगत, कोणाची मजा जायले नको. १७९० च्या टायमाचा जमीनदार, त्याले चावा बसते अन् मंग तो मरतच नाही. रक्त पिते, आरशात दिसत नाही, वटवाघूळ होऊन उडते, सगळं मानलं मी, एक शब्द काढला नाही. अन् मंग क्यामेरा त्याच्या कोटावर आला न अगदी जवळून, तर काज मशीनचे! सगळे एका मापाचे, बारीक झिगझॅग. माझा बाप टेलर होता, लहानपणी मी काजच करत बसायचो. हातच्या काजाची कड गाठी-गाठीची असते, बोट फिरवलं की मक्याच्या कणसावानी लागते. अन् सिंगरच्या मशीनचं पेटंटच १८५१ चं हाये. त्यात त्या बाईच्या झग्याले पाठीत चेन! आजच्यासारखी चेन १९१३ च्या आधी नव्हती. तिथं जे मन उठलं ते उठलंच, बाकीचा पिक्चर मी नुसते काज पाहत बसलो. चूक माझी का पिक्चरची?

पऱ्हाटी
तुमची. हत्ती गेला अन् शेपटावर अडले तुम्ही. मेलेला माणूस दोनशे वर्षं हिंडते हे चालते अन् काज नाही चालत? शंभरातल्या नव्व्याण्णव लोकायले काज दिसतच नाही. पिक्चर टेलरच्या पोरासाठी काढत नाही कोणी.

जागलीवाला
मंग शेतकऱ्याच्या पिक्चरमध्ये हिरो जूनमध्ये कापूस वेचताना दाखवला त तू गप बसशीन का? खरं सांग.

पऱ्हाटी
😂 नाही बसणार. पण तो शेतकऱ्याचा पिक्चर झाला न बावा, भुताचा नाही.

झाडीपट्टीकर
मी वडसा भागातला जी. आमच्याकडे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत झाली की रात्री नाटक असते, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या दिवसात तर रोजच कुठे न कुठे, दिवाळीपासून होळीपर्यंत. ऐतिहासिक नाटकात सरदाराच्या हातात घड्याळ मी स्वतः पाहिलं आहे, पायात स्पोर्ट शूज. पण त्याचा पोरगा मेला तेव्हा अख्खा मंडप रडत होता, माझ्या बाजूची म्हातारी तर त्याला शिव्या देऊन रडत होती. घड्याळ सगळ्यांना दिसलं जी. कोणी उठून गेलं नाही.
आणि एक सांगतो, ड्रॅक्युलाची ती उभी कॉलरवाली काळी शाल आहे ना, ती कोणत्या जुन्या जमान्याची फॅशन नव्हे. १९२४ मध्ये इंग्लंडात ड्रॅक्युलाच्या कादंबरीचं नाटक झालं, त्यात त्याला स्टेजवरून गायब व्हायचं होतं, तर प्रेक्षकांकडे पाठ केली की उंच कॉलरमागे डोकं लपत होतं आणि तो खालच्या फळीतून सटकत होता. म्हणजे ज्याला लोक 'असली व्हॅम्पायर ड्रेस' म्हणतात ते नाटकवाल्यांचं जुगाड आहे.

जागलीवाला
हे मले माहीत नव्हतं, भारी हाये. पण नाटकात मी पन्नास हात दूर बसतो, अन् पडदाच रंगवलेला असते, सगळ्यायले माहीत हाये की हे नाटक हाये. पिक्चर क्यामेरा नाकाजवळ आणते अन् म्हणते पाय, हे खरं हाये. त्यानंच दाखवलं म्हणून मी पाहिलं. दुरून दाखवलं असतं त काय बोललो असतो?

निवृत्त मास्तर
कोलरिज नावाच्या इंग्रज कवीने १८१७ साली हा मुद्दा मांडला होता की वाचक आपला अविश्वास थोडा वेळ बाजूला ठेवतो, पण राजीखुशीने. म्हणजे तुम्ही उसने देता, कोणी हिसकावून घेत नाही. तुम्ही व्हॅम्पायरसाठी उसने दिले, टेलरिंगसाठी दिलेच नव्हते, एवढाच हिशोब आहे.
बाकी व्हॅम्पायरचे नियमही बदलत आले आहेत. १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, उन्हात मरणे हे १९२२ च्या जर्मन मूकपटातून आले. नियम कोणताही करा, पण पिक्चरने १७९० लिहिले की १७९० पाळायला पाहिजे. माझ्या मते पिक्चरची चूक.

सावजी रस्सा
मास्तर तुम्ही सगळे काजातच घुसले, कोट दोनशे वर्षं टिकला कसा हे कोणी विचारतच नाही 😄 पण टिकू शकते बरं का. इजिप्तमध्ये तारखानला लिननचा अंगरखा सापडला, ५००० वर्षांच्या वरचा, बाह्यांच्या चुण्यासकट. कपड्याचा खरा दुश्मन ऊन, रंगही त्यानंच उडते. अन् व्हॅम्पायर उन्हात जातच नाही! दिवसभर पेटीत, अंधारात. त्याच्याइतका कपडा कोणी सांभाळूच शकत नाही.

ट्रंकवाली
वा! इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकला तो. व्हॅम्पायर झोपतो ओल्या मातीच्या पेटीत. आमच्या पडवीत एका पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येते, उदई लागली तर दार खाते, आणि ह्याचा मखमली कोट दोनशे पावसाळे कोरा?
माझ्या आजीचं कोशाचं लुगडं आहे ट्रंकेत, तिच्या लग्नातलं, पाऊणशे वर्षं झाली असतील. कडुलिंबाचा पाला, जुनं धोतर गुंडाळून, सगळं करून ठेवलं. मागच्या दिवाळीत उघडलं तर घड्यांवर चिरत गेलं, हात लावला तिथं नाही, जिथं घडी होती बरोब्बर तिथंच, आणि जर काळी पडलेली. जुना कपडा असा दिसतो. पिक्चरमध्ये जुना दाखवायचा म्हणजे नुसता धुरकट तपकिरी करतात.
आणि मला सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे की धुणं कोण करतं? दोनशे वर्षं रक्त पिऊन बाह्यांची लेस पांढरीशुभ्र. रक्ताचा डाग लगेच थंड पाण्यात नाही टाकला तर जात नाही, गरम पाण्यात तर पक्का बसतो, हे आम्हा बायांना दर महिन्याला माहीत आहे. हे लिहिणारे सगळे पुरुष असावेत.

सावजी रस्सा
ताई 🙏 माघार. धुण्याचा विचारच नाही केला कधी.

पऱ्हाटी
सगळे एकीकडं झाले म्हणून अजून एक सांगतो. १९९२ च्या ड्रॅक्युला पिक्चरमध्ये एइको इशिओका नावाच्या जपानी बाईनं कपडे केले. त्यातला एक लग्नाचा झगा ऑस्ट्रेलियातल्या गळ्याजवळ झालर फुगवणाऱ्या सरड्यावरून केला, चिलखत असं की माणसाची कातडी सोलली की काय वाटते. असे कपडे कोणत्याच शतकात कोणी घातले नाही. तरी तिले ऑस्कर भेटला. मंग तुमच्या जुन्या-खऱ्याचं काय?

जागलीवाला
ते ठरवून केलं रे. सरडा दिसला की मले समजते की बाईनं मुद्दाम केला. मशीनचा काज कोणी मुद्दाम नाही केला, टेलरले घाई होती, उद्या शूटिंग होतं. माझा बापही दिवाळीच्या आठवड्यात मशीनवरच काज मारून आणे, त्याले मी काय बोलणार. तुझा सरडा मले चालते.

पऱ्हाटी
म्हणजे घाई दिसली म्हणून राग? मंग असं सांग न पहिल्यापासून. यावर मी तुमच्याशी निम्मा सहमत हाये. निम्माच.

झाडीपट्टीकर
आमच्या सरदारालाही घाईच होती जी, मागच्या गावातला प्रयोग संपवून जीपने आला होता. तरी म्हातारी रडलीच.

ट्रंकवाली
जागलीवाले भाऊ, ते सगळं राहू द्या, हरभऱ्याच्या पाण्याचं काय झालं त्या रात्री?

जागलीवाला
काज झूम करून पाहता पाहता पाण्याचा दांड फुटला, अर्धं पाणी शेजारच्या तुरीत. सकाळी काकानं विचारलं काय करून रायला होता रातभर. काय सांगू त्यायले?