सगळंच सँडब्लास्टिंगला द्यायची गरज नाही

जुन्या गाडीचा गंज काढायला अख्खी गाडी सँडब्लास्टिंगला (वाळूचा जोरदार मारा करून गंज उडवायला) द्या, असा सल्ला देतात; तो चासीपुरता, म्हणजे खालच्या सांगाड्यापुरता, पटतो. बॉनेट-दरवाजांचा पातळ पत्रा मात्र त्या माऱ्याने लहरतो, आणि वाचवायला निघालेले पैसे डेंटरच्या खिशात जातात. बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडल असल्या सुट्या भागांना तर घरचा टब पुरतो. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजलेला भाग आणि एक टाकाऊ लोखंडी पट्टी त्यात बुडवायची, मग बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर भागाला आणि पॉझिटिव्ह पट्टीला जोडायची. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. उलटं जोडलंत तर पट्टीऐवजी भागच झिजतो! चार्जर साधा, जुन्या पद्धतीचा हवा. ऑटोमॅटिक बऱ्याचदा चालूच होत नाही.

माझ्या दरवाजाची बिजागरी रात्रभर बुडबुडत होती. सकाळी काळीठिक्कर निघाली. तारेच्या ब्रशने ते काळं पुसलं तर खालून ठोकलेला पार्ट नंबर वर आला, जो त्याआधी मला कधी दिसलाच नव्हता. ॲसिडसारखं हे चांगलं लोखंड खात नाही, म्हणून विसरलं तरी धास्ती नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा काम उघड्यावर, आणि हात घालण्याआधी चार्जर बंद. स्प्रिंगा यात टाकू नका, ठिसूळ होऊ शकतात. भाग बाहेर काढला की धुऊन, कोरडा करून लगेच प्रायमर मारा. मी जेवून येतो म्हणालो आणि तेवढ्यात पुन्हा तांबूस झाक आली होती.