पर्शियन मांजरीची आंघोळ: गुठळ्या आधी की पाणी आधी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): पर्शियन मांजरी, वय दोन वर्षं. काखेत केसांच्या गुठळ्या झाल्यात. पावसामुळं अंग वाळत नाही. घरात डेटॉल आणि कुत्र्याचा गोचिडाचा शाम्पू आहे. चालेल का?

उत्तर १: दोन्ही नको! डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल मांजराला विषारी, आणि ती अंग चाटणारच. कुत्र्याच्या शाम्पूत परमेथ्रिन (गोचीड मारायचं औषध) असलं तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. मांजराचाच शाम्पू आणा.

उत्तर २: आधी गुठळ्या. भिजली की गुठळी आवळत जाते, मग कंगवा शिरत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. केस मुळाशी चिमटीत धरा म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. मग स्टीलच्या कंगव्यानं टोकाकडून थोडं थोडं सोडवा. कात्री अजिबात नको. काखेतली कातडी पातळ, गुठळीबरोबर वर येते आणि तीच कापली जाते. न सुटणारी गुठळी डॉक्टरांकडं मशीननं काढून घ्या.

उत्तर ३: नखं आदल्या दिवशी कापा, फक्त टोक, गुलाबी भाग सोडून. टबात जुना टॉवेल अंथरा, पाय घसरला की ती बिथरते. कोमट पाणी चार बोटं. मगानं मानेपासून खाली ओता, तोंड ओल्या फडक्यानं पुसा. शाम्पू पूर्ण निघाला पाहिजे.

प्रश्नकर्ता: आणि वाळवायचं कसं?

उत्तर २: टॉवेल दाबून पाणी टिपा, घासलात की परत गुठळ्या. ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर लांबून. पोटाखाली बोटं घालून बघा, मुळाशी गार लागलं तर अजून ओलं आहे. दमट केस म्हणजे बुरशीला आयतं घर. गजकर्ण झालं तर घरातल्यांनाही लागतं.