मदत हवी आहे: व्हाइट कंपाउंड चॉकलेटमध्ये रंग घातला की गोळा होतो

नाताळच्या सुट्टीत पहिली-दुसरीच्या मुलांकडून साच्यातली चॉकलेटं करून घ्यायची आहेत. डार्क कंपाउंडचं काही अडत नाही: ४०० ग्रॅम बारीक चिरून, गॅस बंद करून गरम पाण्यावर वितळवायचं, मूठभर कुरमुरे घालून कोरड्या सिलिकॉन साच्यात ओतायचं, १५ मिनिटं फ्रीजमध्ये.

घोळ व्हाइटचा आहे. लाल जेल कलरचे दोन थेंब पडले की मळल्यासारखा रवाळ गोळा! जेलमध्ये पाणी असतं, साखर ते ओढून घेते, हे माहीत आहे. चमचाभर तेलाने सैल होतं, पण मग चॉकलेट बोटाला चिकटतं.

तेलात विरघळणारा पावडर रंग २०० ग्रॅमला किती घ्यावा? आधी तेलात कालवावा की थेट चाळून घालावा? फिका गुलाबी चालेल, मुलांच्या जिभा लाल नकोत. पुण्यात छोटी डबी कुठे मिळते?