कोलोमेन्स्कोयेचा राजवाडा : आज उभा आहे तो कोणता?
कोलोमेन्स्कोये इथला रशियन झारांचा राजवाडा सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने पाडला, तर मॉस्कोत आज दिसतो तो वाडा कुठला, हा प्रश्न रास्त आहे. तो २०१० सालचा. झार अलेक्सेईचा मूळ लाकडी वाडा १६६७ ते १६७२ मधला, खिडक्यांना अभ्रकाची तावदानं. राजधानी पीटर्सबर्गला गेली, देखभाल आटली, ओंडके कुजले आणि १७६०च्या दशकात तो उतरवला. नशीब एवढंच, की आधी मोजमापं घेऊन नकाशे काढून ठेवले होते. नवा वाडा त्यांवरूनच उभा राहिला. पण ओंडक्यांना भुलू नका: आत काँक्रीट, लाकूड फक्त वरून. जागाही वेगळी. मूळ जोतं कझान चर्चपाशी, नवा वाडा साधारण किलोमीटरभर दक्षिणेला. ते बरंच झालं, जमिनीखालचे पुरावे तरी वाचले.